गांजाच्या प्रदर्शनातला मोदक

हे प्रवासवर्णन मी शांत डोक्यानं लिहावं असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. बँकॉकहून परत येऊन महिना झाला, डोकं काही शांत झालेलं नाही, तेव्हा आहे त्या डोक्यानंच लिहिते. ज्यांना फक्त सिंगापूर-बँकॉक सहलीची माहिती हवी आहे त्यांनाही ती मिळेल. विमान, टॅक्सी, उपासाचं खाणं, सगळं सांगणार आहे. मध्येमध्ये मी चिडेन, तेवढं चालवून घ्या.

मी सिंगापूरला एका पॅकेजिंग कंपनीत काम करते. घर यिशुनला, ऑफिस हार्बरफ्रंटला, म्हणजे रोज एमआरटी मेट्रोनं बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. आमचा खास माल म्हणजे औषधाच्या बाटलीचं झाकण, लहान मुलांना उघडता येणार नाही असं. आधी दाबायचं, मग फिरवायचं. ते मोठ्या माणसांनाही उघडत नाही, असा माझ्या सासूबाईंचा टोमणा असतो, आणि तो अगदीच खोटा नाही.

आमचा बॉस केल्विन एक दिवस म्हणाला की बँकॉकला गांजाच्या उद्योगाचं मोठं प्रदर्शन आहे, पॅकेजिंगमधलं सगळं नवं हल्ली तिथं आधी येतं, तू जाऊन ये. "यू गो सी मशीन ओन्ली. डोन्ट टच, डोन्ट ईट, डोन्ट ब्रिंग बॅक एनिथिंग. कॅन?"

"कॅन," मी म्हटलं.

सिंगापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, केल्विन उगाच घाबरट नाही. इथं गांजा जवळ बाळगणं हा गंभीर गुन्हा आहे, थोडा असला तरी. जास्त असेल तर फाशीपर्यंत प्रकरण जातं. आणि आमच्यासारखे पीआरवाले, म्हणजे इथं कायम राहायचा परवाना असलेले, परदेशात जाऊन तो नुसता ओढून किंवा खाऊन आले, तरी इथं परतल्यावर गुन्हा लागू शकतो. शेजारच्या थायलंडमध्ये काही वर्षांपूर्वी दारं सताड उघडली, मग पुन्हा थोडी लोटली. तिथले नियम सारखे बदलतात, त्यामुळे तुम्ही जाल तेव्हा काय असेल ते मी सांगू शकत नाही. इथले बदलत नाहीत.

सासूबाई तेव्हा तासगावहून आमच्याकडे आलेल्या होत्या. मी त्यांना आई म्हणते. जन्म शाळेत शिकवण्यात गेला, गणपतीवर अपार श्रद्धा, आणि सोन्याचा बुद्ध बघायची फार इच्छा. निनादला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ऑफिसातून सुट्टी नव्हती आणि ईराची शाळा होती. तो म्हणाला, "आईला घेऊन जा ना, दोन रात्रींचा तर प्रश्न आहे."

आईंनी विचारलं, "प्रदर्शन कशाचं गं?"

आता खरं सांगते. सासूबाईंसमोर गांजा हा शब्द माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, "औषधी वनस्पतींचं." म्हटलं तर खोटं नव्हतं. पुढं जे झालं त्यात माझा वाटा इथून सुरू होतो, म्हणून हे आधीच कबूल करून ठेवते.

विमान सकाळचं घ्या. स्वस्तातल्या कंपन्यांची तिकिटं दीड महिना आधी काढली तर येऊन-जाऊन एका माणसाला दीडशे डॉलरांच्या आत बसतात, बॅगेचे पैसे वेगळे. अडीच तासांत बँकॉक, घड्याळ एक तास मागं. विमानतळावरून टॅक्सी मीटरनं करायची आणि वरच्या रस्त्याचा टोल आपण द्यायचा, त्यावरून वाद घालू नका. आमचा टॅक्सीवाला गप्पिष्ट होता. माझ्या हातातलं प्रदर्शनाचं पत्रक बघून हसत म्हणाला, "कंचा? कंचा?"

थाई भाषेत गांजाला कंचा म्हणतात. हे मला ठाऊक होतं, आईंना नव्हतं. आमच्या सांगलीकडं कंचा म्हणजे कोणता. आई खूश झाल्या. "बघ, आपल्यासारखंच बोलतोय," म्हणाल्या आणि त्याला पुढच्या सीटवर वाकून सांगू लागल्या, "ते औषधी वनस्पतींचं आहे ना, तेच." तो "कंचा, कंचा" करत मान हलवत राहिला आणि आई "तेच, तेच" करत राहिल्या. मी खिडकीबाहेर बघत हसू दाबलं. तेव्हा हसले, हे आठवलं की स्वतःचाच राग येतो.

पहिली दुपार सोन्याच्या बुद्धासाठी. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत, साडी असेल तर प्रश्नच नाही. मूर्तीसमोर आई बराच वेळ हात जोडून बसल्या आणि उठताना म्हणाल्या, "एवढं सोनं, पण चेहऱ्यावर त्याचं काही नाही." शाकाहारी मंडळींनी पिवळ्या कापडावर लाल अक्षर असलेली झेंडी शोधायची, त्याचा उच्चार 'जे'. तिथं मांस-मासळी तर नसतंच, कांदा-लसूणही नसतो. आईंना एवढा आनंद झाला की आम्ही रात्रीही तिथंच जेवलो. दोघींचे मिळून दीडशे बाथ, म्हणजे सिंगापूरच्या हॉकर सेंटरमधल्या, तिथल्या स्वस्त खाऊगल्लीतल्या, एका जेवणाइतके.

दुसऱ्या दिवशी आईंना हॉटेलवर ठेवून मी एकटी प्रदर्शनाला गेले. मशिनं खरंच बघण्यासारखी होती, खोटं कशाला बोलू. एका पट्ट्यावरून गांजाच्या कळ्या सरकत होत्या आणि वरचा कॅमेरा रंग, आकार, बुरशी बघून त्या वेगळ्या करत होता. हातानं निवडायला दहा बायका लागल्या असत्या. वासाचा कणही बाहेर येऊ न देणारे पाऊच होते. प्रत्येक पाकिटावर वेगळं चित्र छापणारा प्रिंटर होता. धूर ओढायच्या पेनला फोनवरून कुलूप लावायची सोय होती. मी वही भरून टिपणं काढली.

डोकं फिरायला लागलं ते पलीकडच्या भागात. तिथं ब्रँडिंग होतं. अख्ख्या त्या दालनात गांजा हा शब्द कुठं दिसेल तर शपथ. सगळीकडं वेलनेस, जर्नी, रिच्युअल. आपला ॐ गांजा कुटायच्या डबीवर. पद्मासनातली बाई धुराच्या पेनवर. आणि मुलांच्या खाऊचे सगळे आकार तिथं होते, अस्वलं, तारे, आइस्क्रीमचे कोन, फिके गुलाबी आणि पिस्ता रंग. एका स्टॉलवाल्याला मी विचारलं, की हे माझ्या सात वर्षांच्या मुलीनं टेबलावर बघितलं तर ती काय समजेल? तो म्हणाला, "हे मोठ्यांसाठी आहे मॅडम. बालपणीची आठवण म्हणून." आम्ही झाकण मुलांना उघडू नये म्हणून वर्षानुवर्षं डोकं फोडतो आणि हे लोक आत त्यांच्याच आवडीचं काहीतरी भरून ठेवतात. मी त्याला हे म्हटलंसुद्धा. त्यानं मला एक रंगीत स्टिकर दिला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळचं विमान होतं. हॉटेलची खोली बाराला सोडायची होती, माझी एका मशीनवाल्याशी अकराची वेळ ठरली होती, त्यामुळे आईंना बरोबर न्यावं लागलं. प्रवेशपत्र सोबतच्या माणसाला फुकट मिळतं. त्या दिवशी संकष्टी होती. उपासवाल्यांसाठी टीप: बँकॉकमध्ये नारळाच्या दुधातला गोड साबुदाणा जागोजागी मिळतो. आईंनी तो चमच्यानं उलटापालटा करून तपासला, मीठ किती आहे ते चाखलं आणि मग "चालेल" म्हणाल्या. प्रदर्शनात मी त्यांना मशीनच्या बाजूला खुर्चीवर बसवलं, ब्रँडवाल्यांपासून लांब. "पाऊण तासात आले," म्हटलं. परत आले तेव्हा त्या जागेवरच होत्या आणि चेहरा प्रसन्न होता.

"फार चांगली माणसं आहेत गं इथली," एवढंच म्हणाल्या. मला विमानाची घाई होती, मी काही विचारलं नाही.

विमानतळावर बॅगा देण्याच्या रांगेत उभ्या होतो. पुढं सात-आठ जण. आई म्हणाल्या, "मृणाल, सिंगापूरला आज चंद्रोदय किती वाजता? घरी पोचेपर्यंत होईल ना? देवापुढं ठेवून मग त्या मोदकानंच उपास सोडेन म्हणते."

"कुठला मोदक, आई?"

"त्या पोरीनं दिला तो. तुला सांगायचंच राहिलं. थाळी घेऊन आली, कपाळाला गंध लावलेलं, आणि चक्क मराठीत म्हणाली गं, प्रसाद खा. मी म्हटलं, बाई, उपास आहे. तर पुन्हा हसून म्हणाली, प्रसाद खा. मग मी घरच्यांसाठी मागून घेतले. संकष्टीला मोदक समोर यावा, तेही परमुलखात!"

थाई बायका आदरानं बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'खा' लावतात, आपल्या 'हं' किंवा 'जी' सारखा. त्या मुलीनं तिला शिकवलेला एक शब्द म्हटला होता, प्रसाद, आणि पुढं आपल्या भाषेतला आदर जोडला होता. हे माझ्या लक्षात येईपर्यंत आईंनी पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढून सोडलीसुद्धा होती. आत पाच मोदक. केशरी, पारदर्शक, रबरासारखे मऊ, कळ्या अगदी नीट पाडलेल्या. सोबत भगव्या रंगाची पुठ्ठ्याची रिकामी डबी, तिच्यावर कलश, झेंडूची माळ आणि सोनेरी देवनागरी अक्षरात 'प्रासाद'. प्रासाद म्हणजे राजवाडा हो! लेबलं छापणं हा माझा धंदा आहे. ज्यांना प्रसाद लिहिता येत नाही त्यांनी तो विकायला काढला होता. डबीच्या तळाला बारीक अक्षरात त्या वनस्पतीचं इंग्रजी नाव होतं, ते मात्र बिनचूक.

एक म्हातारी बाई, पर्समध्ये पाच गोळ्या, आणि तीन-साडेतीन तासांत आम्ही चांगी विमानतळावर उतरणार. तिथला अधिकारी आईंना विचारणार की हे काय आहे, आणि त्या ठामपणे सांगणार की प्रसाद आहे. मग पुढचं काय ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं, चौकशीच्या वेगळ्या खोलीसकट.

रांग सोडून आम्ही बाजूला झालो. डबीवर फोन नंबर होता, तो लावला. इंग्रजीत बोलणाऱ्या माणसाला मी विचारलं, "तुमच्या स्टॉलवर थाळीत वाटले त्या गोळ्यांमध्ये गांजा आहे का?" आईंना ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलत होते. तो "सॅम्पल, सॅम्पल" करत राहिला. तेवढ्यात आई मला काहीतरी विचारायला लागल्या आणि मी त्यांना म्हटलं, "आई, एक मिनिट थांबा, हात नका लावू त्याला."

पलीकडून एकदम मोकळा आवाज आला. "अरे, ताई, तुम्ही मराठी का? मी पण, पुण्याचा!"

काय सांगू, त्या क्षणी जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कमी वेळा आला असेल. कुणी परदेशी अडाण्यानं हे केलं असतं तर मी त्याला अडाणी म्हणून सोडलं असतं. याला सगळं ठाऊक होतं. प्रसाद म्हटलं की हात आपोआप पुढं येतो, उजवा वर, डावा खाली, आणि आपण आत काय आहे ते विचारत नाही, हे त्याच्या आईनं त्याला शिकवलेलं होतं. तेच त्यानं वापरलं.

आईंपासून लांब, खांबाआड जाऊन मी म्हटलं, "सरळ सांगा. आहे की नाही?"

"ताई, थाळीतल्या सॅम्पलमध्ये बहुतेक नाहीये. विक्रीच्या डबीत असतं."

"बहुतेक?"

"म्हणजे दोन्ही एकाच टेबलावर भरली जातात ना. पण घाबरू नका, एकदम माइल्ड असतं. आणि आपला शंकर पण घेतोच की!"

"शंकराला सिंगापूरला उतरायचं नाहीये," मी म्हटलं. आवाज चढला होता. "आणि शिवरात्रीला भांग पिणारा भांग म्हणून पितो. त्याला कुणी मोदक म्हणून देत नाही. माझ्या सासूबाईंना आज उपास नसता तर त्यांनी ते तिथंच तोंडात टाकलं असतं."

"तुमचा फीडबॅक मी टीमला नक्की देतो," तो म्हणाला. मी फोन बंद करून परत आले.

आई माझ्याकडं बघत होत्या. "काय झालं? प्रसादाला काय झालं?"

"आई, ते टाकायला लागेल. इथंच."

"प्रसाद केराच्या डब्यात? मी नाही टाकायची. फार तर झाडाखाली ठेवू. नाहीतर घरी नेऊन पाण्यात सोडू."

"आई, तो प्रसाद नाही. गांजा आहे."

शेवटी निघाला शब्द. रांगेतली दोन-तीन भारतीय डोकी वळली. आईंनी आधी रुमालाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "कपाळाला लावला गं मी तो," म्हणाल्या. आणि मग, "म्हणजे ते सगळं प्रदर्शनच गांजाचं होतं? मग मला औषधी वनस्पती कशाला सांगितलंस? मला सांगितलं असतंस तर मी त्या पोरीला हातानं बाजूला नसतं केलं?"

त्या पुणेकरानं गांजाला प्रसाद म्हटलं आणि मी औषधी वनस्पती. त्याच्यापेक्षा माझं पाप कमी आहे असं मी स्वतःला समजावते, कधी पटतं, कधी नाही.

दारापाशी एक सुरक्षा अधिकारी होता. त्याला दाखवून विचारलं की हे कुठं टाकू. त्यानं एक गोळी उचलून नाकाशी धरली. "कंचा? मेबी. मेबी नॉट," म्हणाला आणि कचऱ्याच्या डब्याकडं बोट केलं. मी रुमाल घ्यायला हात पुढं केला तर आई म्हणाल्या, "राहू दे. मी घेतला, मीच टाकते." एकेक करून पाचही टाकले. सवयीनं हात जोडायला वर गेले आणि अर्ध्यात थांबले. मग त्यांनी ते पदराला पुसले.

रुमाल टाकला, डबी टाकली. पर्स उलटी करून झटकली, अस्तराच्या शिवणीत बोट घालून बघितलं. माझ्या बॅगेतले कंपनीसाठी घेतलेले रिकामे पाऊच आणि पत्रकांचा गठ्ठा, तोही डब्यात गेला. दोघींनी कोपरापर्यंत हात धुतले. बॅगा देण्याची खिडकी बंद व्हायला सहा मिनिटं असताना आम्ही पुन्हा रांगेत होतो. बँकॉकच्या विमानतळावर तीन तास आधी पोचा, असं सगळे ब्लॉगवाले सांगतात. माझंही तेच सांगणं आहे.

विमानात आईंनी एकदाच तोंड उघडलं. "मला कुणी विचारलं तर खरं सांगू?"

"खरंच सांगायचं, आई."

चांगीला कुणी काही विचारलं नाही. आमच्या पुढच्या माणसाची बॅग उघडली, आमची नाही. टॅक्सीनं यिशुनला पोचलो तेव्हा समोरच्या ब्लॉकच्या कडेला चंद्र आलेला होता. निनादनं वरणभाताचा कुकर लावून ठेवला होता. आईंनी चिमूटभर साखरेनं उपास सोडला. ईरा त्यांच्या मांडीवर चढून म्हणाली, "आजी, व्हाय सो क्वायट? बँकॉक नॉट नाइस, इज इट?"

"नाइस होतं," आई म्हणाल्या.

सोमवारी मी केल्विनला अहवाल दिला. मशिनं चांगली, पाऊच चांगले, आणि त्या अमुक कंपनीची चौकशी आली तर आपलं झाकण त्यांना विकू नये. केल्विन म्हणाला, "देअर मनी ऑल्सो मनी, व्हॉट." मग मी त्याला सगळं सांगितलं. "युअर मदर-इन-लॉ ओके ऑर नॉट?" त्यानं एवढंच विचारलं आणि अहवालातल्या 'विकू नये' या ओळीखाली सही केली. ब्रँडवाल्यांना मी दोन पानी पत्र लिहिलं. लगेच उत्तर आलं, आपोआप जाणारं: तुमचा प्रवास आमच्यासोबत वाटून घेतल्याबद्दल आभार. नाव इथं लिहिणार नाही, फुकट जाहिरात कशाला.

तर, बँकॉकला जावं का? जरूर जा. बुद्ध बघा, साबुदाणा खा. प्रदर्शनाला जायचं असेल तर बरोबरच्या माणसाला ते कशाचं आहे ते खरं सांगून न्या. आणि हातावर कुणी काही ठेवलं तर ते काय आहे हे विचारा, असंही मी लिहिणार होते. पण गेल्या मंगळवारपासून तो सल्ला मला देववत नाही.

मंगळवारी मी आईंना यिशुनजवळच्या तमिळ लोकांच्या मुरुगनच्या देवळात घेऊन गेले. आरती झाल्यावर पुजारी द्रोणातून गूळभात वाटत आले. सगळ्यांसारखा आईंनीही हात पुढं केला, उजवा वर, डावा खाली. द्रोण हातात आला आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. मागची माणसं खोळंबली. मग मला हळूच म्हणाल्या, "मृणाल, विचार गं त्यांना, यात काय काय घातलंय?"

मी विचारलं. पुजारी हसले. "राइस, जॅगरी, घी, लिटल कार्डमम. व्हाय अम्मा, शुगर प्रॉब्लेम?"

आईंनी मान खाली घातली. "हो," म्हणाल्या, "शुगर आहे."

आईंना शुगर नाही.